बेचाळीस अक्षरं

मिनिटाला चाळीस रुपये.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून जास्त नाही,
आणि बाई किंचाळत असेल तेव्हा काही लिहायचं नाही,
किंचाळी सगळ्यांना कळते, असं कंपनीचं म्हणणं.

तरोडा नाक्याच्या खोलीत रात्री दीडला
मी जपानचं जंगल थांबवते, मागे घेते, परत चालवते.
मुळं जमिनीच्या वर आलेली, शेवाळ, धुकं,
आणि फांद्यांना बांधलेल्या निळ्या फिती.
आत जाणारे बांधत जातात, परतीची वाट सापडावी म्हणून.
एका जागी फिती संपतात.
तिथून पुढे कॅमेरा एकटा जातो.

अकराव्या मिनिटाला म्हातारा पुजारी एक शब्द बोलतो.
इंग्रजीवाल्यांनी त्याचं काम एका शब्दात उरकलंय.
मला निवडावं लागतं.
शाप ऋषींचे, त्यांना उःशाप असतो.
तळतळाट जवळचा, पण तो जित्या माणसाचा,
चुलीपुढं बसून दिलेला.
करणीला पैसे पडतात.
उरला तो शब्द मी टाइप केला,
खोडला, उठून पंखा बंद केला,
कारण वाटलं पंखाच तो म्हणतोय

भानामती.

मी सात वर्षांची. किनवटच्या अलीकडं आमचं गाव,
मागं ओढा, ओढ्यापलीकडं सागवान.
त्या उन्हाळ्यात दांडीवरची लुगडी आपोआप पेटली,
झोपेतून उठलेल्यांच्या पाठीवर बिब्याच्या फुल्या उमटल्या,
आणि पाटलाची धाकटी सून कुत्र्यासारखी भुंकायची,
भुंकून झालं की पाणी मागायची,
अगदी नीट, हळू आवाजात.
मास्तर म्हणाले, हे मनाचे खेळ.
गाव म्हणालं, धुरपदा.

धुरपदामाय बिब्याचं तेल काढायची.
तिचे हात काळे होते.
एवढंच. हात काळे होते.

सिनेमातल्या बाईचे केस तोंडावर, कमरेखाली, ओले.
आमच्या बाईचे कापले, चावडीपुढं, मेंढरांच्या कातरीनं.
एक बट माझ्या पायाशी आली, मी उचलली,
आईनं हातावर चापट मारली, टाक आधी.
मग तिला ओढ्यापलीकडं नेऊन सोडलं.
वळून बघायचं नाही, म्हणाले.
तिनं बघितलं नाही. आम्हीच बघत राहिलो.

भुंकणं मिरगाच्या आत थांबलं.
कामून थांबलं, कुणी विचारलं नाही.

पुढं मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया सांगायच्या,
सागाच्या बुंध्यांना लुगड्याच्या चिंध्या आहेत,
एका ओळीत,
तोंड गावाकडं.
दर साली एक झाड अलीकडं.
ओढ्याच्या काठावरची माझ्या आईनं बघितली
आणि त्याच साली आम्ही नांदेडला आलो,
माझ्या शिक्षणासाठी, असं घरात सांगतात.

शेवटचा प्रसंग. पोरगी फिती संपतात तिथं पोचते.
झाडामागून ती बाहेर येते,
केस बाजूला करते आणि एकच शब्द बोलते.
मी शोधून काढलं: तिकडं, घरी परतलेल्या माणसाला
घरातलं माणूस हेच म्हणतं,
रोज, दिवेलागणीला, ओले हात पुसत.
इंग्रजीत वेलकम होम लिहिलंय,
पायपुसण्यावर असतं तसं.
कंपनीचा निरोप आला, भीती वाटत नाही,
‘तुला सोडणार नाही’ असं काहीतरी घाला.

त्या बटेला बिब्याचा नाही, खोबरेल तेलाचा वास होता.
चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही.

पडद्यावर दोन सेकंद मिळतात.
मी सहा अक्षरं लिहिली, बेचाळीसपैकी,

आलीस का, माय?

आणि फाइल पाठवून दिली.
खिडकीच्या गजाला बांधलेलं फडकं कुणाचं,
ते उजाडल्यावर बघू.